बारा हजार गावांची नावे

बुडापेस्टमध्ये हंगेरीच्या संसदेसमोर जमिनीत उतरत जाणारी एक वाट आहे. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद. दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर गावांची नावे कोरली आहेत, एकूण १२,५३७. १९१३ च्या यादीत जुन्या हंगेरी राज्याची म्हणून जेवढी गावे आणि शहरे होती, ती सगळी. त्यांतली बहुतेक आज रुमानिया, स्लोव्हाकिया, सर्बिया, युक्रेन अशा दुसऱ्याच देशांत आहेत. एकेका नावापाशी पाच सेकंद थांबायचे म्हटले तर त्या वाटेने खाली उतरायला सतरा तासांहून अधिक वेळ लागेल.

आता दुसरा आकडा. तुर्कस्तानात १९४० ते २००० या काळात सरकारने १२,२११ गावांची नावे बदलली. आर्मेनियन, ग्रीक, कुर्दी, अरबी, जॉर्जियन वळणाची जुनी नावे काढून तिथे तुर्की नावे बसवली. देशातल्या दर तीन गावांपैकी एकाची पाटी उतरली आणि नवी चढली.

एका देशाने गेलेल्या गावांची नावे दगडात कोरली, दुसऱ्याने उरलेल्या गावांची नावे पुसली, आणि दोघांचे आकडे बारा हजारांच्या घरात जवळजवळ खेटून उभे. हा योगायोगच आहे, पण हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारीशेजारी पाहिल्यापासून ते माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. दोन्ही देश पहिल्या महायुद्धात एकाच बाजूने लढले, एकाच वेळी हरले, आणि दोघांचेही हातपाय तोडले गेले. हंगेरीकडे क्रोएशियासह ३ लाख २५ हजार चौरस किलोमीटर भूमी होती, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडी मोठी. १९२० च्या ट्रायनॉन तहाने ती ९३ हजारांवर आली, म्हणजे विदर्भाहूनही थोडी लहान. सकाळी महाराष्ट्र होता आणि संध्याकाळी विदर्भ उरला, असे समजा. लोकसंख्या दोन कोटींहून ७६ लाखांवर आली, आणि मग्यार भाषा बोलणाऱ्या दर तिघांपैकी एक माणूस घर न सोडता परदेशी झाला.

तुर्कस्तानची पडझड याहून लांबलचक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमन साम्राज्य ५० लाख चौरस किलोमीटरहून मोठे असल्याचा अंदाज आहे. हा विस्तार आजच्या भारताच्या दीडपट झाला. बुडापेस्टही तेव्हा त्यांचेच होते. आजचा तुर्कस्तान ७ लाख ८३ हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे सातबाऱ्यावर सात एकर असलेल्या घराकडे एक एकर आणि वर थोडे गुंठे उरले. हे एका रात्रीत झाले नाही, दोन शतके लचके तुटत राहिले. पण शेवटची बारा वर्षे अशी होती, की त्या पिढीला दम घ्यायला उसंत मिळाली नाही. १९११ मध्ये लिबियासाठी इटलीशी युद्ध. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत युरोपातली ८३ टक्के भूमी आणि तिथली ६९ टक्के प्रजा हातची गेली. मग महायुद्ध, त्यासाठी २८ लाखांहून अधिक पुरुष सैन्यात ओढले गेले, आणि त्यांच्यातले गोळीपेक्षा रोगराईनेच जास्त मेले. १९२० च्या सेव्र तहात तर ऑटोमन सैन्य ५० हजारांच्या वर असू नये इथपर्यंत अटी आल्या.

या पडझडीत सलोनिका नावाचे बंदर गेले, नोव्हेंबर १९१२ मध्ये. तिथे १८८१ मध्ये जन्मलेला एक अधिकारी बाल्कन युद्ध सुरू झाले तेव्हा लिबियाच्या आघाडीवर होता. तो परत आला तोवर त्याचे गाव ग्रीसमध्ये गेले होते, आणि त्याची आई झुबेदे व बहीण निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर इस्तंबूलला पोचल्या होत्या. त्या युद्धांतून चार लाखांच्या आसपास मुस्लिम निर्वासित असेच पूर्वेकडे आले. मुस्तफा केमाल हे त्या अधिकाऱ्याचे नाव. पुढे ज्यांनी अनातोलियाला तुर्कांची मायभूमी म्हटले त्या नेत्यांपैकी कितीतरी जण अनातोलियात जन्मलेलेच नव्हते. त्यांची जन्मगावे बाल्कनमध्ये, आता दुसऱ्यांच्या नकाशात. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. ज्या जमिनीला त्यांनी घर म्हटले, ती त्यांना घर गमावल्यावर सापडली होती.

अशा माणसाकडून अपेक्षा काय असते? सलोनिका परत घेण्याची. हंगेरीच्या नेत्यांनी आपल्या गेलेल्या भूमीसाठी नेमके तेच ठरवले. शाळेत मुले रोज प्रार्थनेसारखी हरवलेल्या देशाच्या पुनरुत्थानाची शपथ म्हणत. बुडापेस्टच्या चौकात राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवलेला असे, आणि त्याच्या पायथ्याशी गेलेल्या जिल्ह्यांतून आणलेली माती होती. मुस्तफा केमाल यांनी मात्र कुठली जमीन आपली आणि कुठली नाही, याची रेघ स्वतःच्याच लोकांपुढे ओढली. जानेवारी १९२० मध्ये इस्तंबूलच्या शेवटच्या ऑटोमन संसदेने जो राष्ट्रीय करार मान्य केला त्यात अरब बहुसंख्येच्या प्रांतांचा निर्णय तिथल्या लोकांच्या मतावर सोडला होता. चारशे वर्षांची मालकी एका कलमात सोडणे सोपे नव्हते. अनातोलियात उतरलेल्या ग्रीक सैन्याशी युद्ध चालूच होते. साकार्या नदीची लढाई १९२१ मध्ये २२ दिवस आणि २२ रात्री चालली. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की सैन्य इझमीरमध्ये शिरले. इतका विजय मिळाल्यावरही, जुलै १९२३ मध्ये लोझानला सही करताना, सलोनिका मागितले गेले नाही. राष्ट्रीय करारात आपले मानलेले मोसुलसुद्धा १९२६ मध्ये इराककडे राहू दिले, तिथल्या तेलाच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा २५ वर्षे मिळेल या बोलीवर.

जमिनीचा प्रश्न मिटला. मग सुरू झाले ते नवे राष्ट्र घडवायचे काम मला लढाईपेक्षा प्रचंड वाटते, आणि त्याचे खरे माप तारखांत दिसते. पहिली तारीख कालगणनेचीच आहे. ऑटोमन सरकारी कामकाजाच्या रूमी पंचांगाप्रमाणे वर्ष १३४१ चालू होते. ३१ डिसेंबर १३४१ ला लोक झोपले आणि उठले तेव्हा १ जानेवारी १९२६ होता. एका रात्रीत ५८५ वर्षे. त्याच दिवसापासून सूर्यास्ताला बारा वाजल्याचे धरणारी जुनी घड्याळेही चुकीची ठरली आणि मध्यरात्रीपासून मोजलेले २४ तास आले. आपल्याकडे शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा आजीच्या पिढीला हिशेब लागायला किती वर्षे लागली हे आठवून पाहा. तुर्कांनी पुढच्या काही वर्षांत वजनमापेही बदलली, आणि शुक्रवारची सुटी १९३५ मध्ये रविवारवर नेली.

दुसरी तारीख १५ ऑक्टोबर १९२७. अंकाऱ्यात आपल्या पक्षाच्या अधिवेशनापुढे मुस्तफा केमाल बोलायला उभे राहिले आणि सहा दिवस बोलत राहिले. एकूण ३६ तासांहून अधिक. सलग ऐकायचे तर आज सकाळी सहाला बसलेला माणूस उद्या संध्याकाळी सहानंतर उठेल. ‘नुतुक’, म्हणजे नुसते ‘भाषण’, या नावाने ते ओळखले जाते आणि तुर्की प्रजासत्ताकाचा अधिकृत इतिहास दीर्घकाळ त्याच पायावर उभा राहिला. त्याची सुरुवात होते १९ मे १९१९ रोजी ते सामसुन बंदरात उतरले तिथून. राष्ट्राची गोष्ट त्या दिवशी सुरू झाली असे ठरले. स्वतःची नेमकी जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती, पुढे तीही १९ मे धरण्यात आली. देशाचा आणि नेत्याचा जन्मदिवस एकच झाला. त्याआधीची बाल्कनची हार, १९१५ पासूनची भीषण वर्षे, सगळी या आरंभरेषेच्या पलीकडे अंधारात राहिली.

भाषण २० ऑक्टोबरला संपले. आठच दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, शुक्रवारी, नव्या देशाची पहिली शिरगणती झाली. मोजणी पुरी झाल्याची खूण मिळेपर्यंत कुणी घराबाहेर पडायचे नाही असा हुकूम होता. एका दिवसात आख्खा देश जागच्या जागी थांबवून मोजला. आकडा आला १,३६,४८,२७०. जुन्या राजधानीत, इस्तंबूलमध्ये, सात लाखांच्या जवळपास माणसे आणि नव्या राजधानीत, अंकाऱ्यात, सुमारे ७४ हजार. आधी सहा दिवस ‘आपण कोण’ हे सांगितले, मग एका दिवसात ‘आपण किती’ हे मोजले. हा क्रम कुणी मुद्दाम आखला होता की नाही ते सांगता येत नाही, पण याहून नेमका क्रम मला सुचत नाही.

मग लिपी. ही गोष्ट सांगताना मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाला ती जेवढी कळेल तेवढी फार थोड्यांना कळेल. ९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या एका उद्यानातल्या समारंभात मुस्तफा केमाल यांनी जाहीर केले, की तुर्की भाषा यापुढे अरबी अक्षरांत लिहिली जाणार नाही. लिपीसमितीतले लेखक फालिह रिफकी आताय यांनी आठवण लिहून ठेवली आहे: समितीला वाटत होते बदलाला पाच वर्षे लागतील, काही जण पंधरा म्हणत होते, पण केमाल तीन महिन्यांच्या पुढे जायला तयार नव्हते. कायदा १ नोव्हेंबरला झाला. १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रे नव्या २९ रोमन अक्षरांत निघाली. १ जानेवारी १९२९ पासून जुन्या अक्षरांत पुस्तक छापायलाच बंदी. त्याच दिवशी प्रौढांसाठी ‘राष्ट्रशाळा’ उघडल्या, १६ ते ४५ वयाच्या लोकांना सक्तीने. पहिल्याच वर्षी दहा लाखांच्या आसपास लोक तिथल्या बाकांवर बसले. राष्ट्राध्यक्ष केमाल स्वतः फळ्यापुढे खडू घेऊन उभे असल्याचे कायसेरी शहरातले छायाचित्र अजून तिथल्या शाळांत लावलेले असते. दहातल्या नऊ माणसांना त्याआधी अक्षरओळख नव्हती, हे विसरून या धाडसाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याच्या मुलीला पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिता आले, ही लहान गोष्ट नाही.

पण उरलेल्या एका माणसाचे काय झाले? तो डिसेंबर १९२८ मध्ये रातोरात निरक्षर झाला. ज्यांच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतले खरेदीखत पडून आहे आणि घरातल्या एकालाही ते वाचता येत नाही, त्यांना हे समजावून सांगायला नको. मोडी आपल्या हातून हळूहळू, छापखान्यांमुळे आणि शाळांतून वगळली गेल्यामुळे, दोन-तीन पिढ्यांत गेली. तरी पुण्याच्या पेशवे दप्तरातले कोट्यवधी कागद आज वाचणाऱ्यांची वाट पाहत पडले आहेत. तुर्कांनी हे काही महिन्यांत ओढवून घेतले, आणि इस्तंबूलच्या दप्तरखान्यात सहाशे वर्षांचे कोट्यवधी कागद आहेत. सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी, की १९२७ चे ते सहा दिवसांचे भाषण छापले गेले ते जुन्या अक्षरांत. वर्षभराने ती अक्षरे बाद झाली. अक्षरे बदलून छापले तरी नंतरच्या पिढ्यांना भाषाच कळेना, म्हणून राष्ट्रपित्याचे भाषण त्याच्याच नातवंडांसाठी आजच्या तुर्कीत पुन्हा उतरवावे लागले.

कारण लिपीनंतर शब्दांची पाळी आली. १९३२ मध्ये भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द निवडून बाहेर काढायला सुरुवात झाली. १९३१ मध्ये वर्तमानपत्रांतले ३५ टक्के शब्द मूळ तुर्की होते, १९६५ मध्ये ते ६० टक्क्यांवर गेले. भाषाशुद्धीची अशी चळवळ त्याच दशकांत आपल्याकडेही चालू होती, आणि शिवकाळातला राज्यव्यवहारकोश त्याहून अडीचशे वर्षे जुना. त्यामुळे या इच्छेशी आपली ओळख आहे. फरक असा, की तिकडे तिच्यामागे संपूर्ण राज्ययंत्रणा होती. एक शब्द मला विशेष वाटतो. सीमेला जुन्या तुर्कीत ‘हुदुत’ म्हणत, आपल्या ‘हद्द’चे अनेकवचन. आजच्या तुर्कीत सीमेला बहुतेक ठिकाणी ‘सिनिर’ म्हणतात. तो शब्द मुळात ग्रीक भाषेतून तुर्कीत आलेला आहे. ज्या ग्रीकांशी सीमेसाठी एवढे रक्त सांडले, सीमेचे नाव त्यांच्याच बोलीतले.

आता माणसांची नावे. आपल्याकडे आडनावात गाव असते, धंदा असतो, कधी पूर्वजाचा एखादा पराक्रम किंवा खोड असते. पिढ्यान्‌पिढ्या ते आपोआप चिकटत आले. बहुतेक तुर्कांना आडनावच नव्हते. जून १९३४ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला ठरावीक मुदतीत एक आडनाव घेणे भाग पडले. १९३५ च्या शिरगणतीत लोकसंख्या १ कोटी ६१ लाख होती. एवढ्या माणसांनी साधारण दीड-दोन वर्षांत नवी ओळख निवडली किंवा कारकुनाने दिली ती घेतली. संसदेने मुस्तफा केमाल यांना ‘आतातुर्क’, तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले आणि ते दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही असे ठरवले. त्यांचे सहकारी इस्मत यांनी ज्या गावापाशी लढाया जिंकल्या त्याचे नाव घेतले, इनोनु. आपल्या ‘कर’ आडनावांच्या जवळ जाणारी ही रीत. तुर्कस्तानातले आज सर्वांत जास्त आढळणारे आडनाव ‘यिल्माझ’ आहे. त्याचा अर्थ न डगमगणारा. वर्षानुवर्षे डगमगत राहिलेल्या लोकांनी स्वतःसाठी हे नाव निवडले, हे वाचताना गळा दाटून येतो. त्याच नियमांत एक ओळ अशीही होती, की ‘यान’, ‘ओफ’, ‘विच’, ‘पुलोस’ असले शेवट आडनावाला चालणार नाहीत. आर्मेनियन, स्लाव आणि ग्रीक माणूस आडनावावरून ओळखू येतो तो याच शेवटांनी.

आणि इथे पोचलो की मला १९२७ च्या शिरगणतीकडे परत जावेच लागते. महायुद्धाआधी आजच्या तुर्कस्तानच्या भूमीवर दर पाच माणसांत एक बिगरमुस्लिम होता. युद्धांनंतर चाळीस माणसांत एक उरला. १९१५ पासून पुढे मारल्या गेलेल्या किंवा वाळवंटात हाकलल्यामुळे मेलेल्या आर्मेनियनांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. १९२७ च्या नोंदीत आर्मेनियन मातृभाषा सांगणारे ६५ हजारांच्या आत होते. जानेवारी १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल करण्याचा करार केला. तुर्कस्तानातून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले (पुष्कळसे करारापूर्वीच जीव घेऊन पळाले होते) आणि तिकडून साडेतीन ते चार लाख मुसलमान आले. निवडीची कसोटी एकच होती, धर्म. अनातोलियातले कारामानली ख्रिस्ती घरात तुर्की बोलत आणि ती ग्रीक अक्षरांत लिहीत. त्यांना ग्रीसला धाडले. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्कस्तानात आणले. दोन्हीकडचे लोक ‘स्वदेशी’ पोचले आणि तिथे शेजाऱ्याशी बोलता येईना. ग्रीसच्या १९२८ च्या शिरगणतीत ६२ लाख लोकांत १२,२१,८४९ निर्वासित निघाले. दर पाच माणसांत एक. तुर्कस्तानातून पाचातला एक नाहीसा झाला आणि ग्रीसमध्ये पाचातला एक उपरा आला.

कुर्दी मातृभाषेचे ११ लाख ८४ हजार लोक तुर्कस्तानच्या १९२७ च्या शिरगणतीत नोंदले गेले होते. ते मुसलमान असल्यामुळे राहिले, पण कुर्द म्हणून राहायला जागा उरली नाही. देरसिम या डोंगराळ कुर्दी भागाचे नाव १९३५ मध्ये तुंजेली केले आणि १९३७-३८ मध्ये तिथे लष्कर घुसवले. तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी २०११ मध्ये सरकारी कागदांतून मृतांचा जो आकडा वाचून दाखवला आणि माफी मागितली, तो १३,८०६ होता. आधी नाव गेले, मग माणसे.

इतके पुसून झाल्यावर पोकळी भरायला काहीतरी लागते. ती भरली फार लांबच्या भूतकाळाने. १९३२ च्या इतिहास परिषदेत हित्ती आणि सुमेरी लोक मूळचे तुर्कच असे मांडले गेले. पुढच्या वर्षी एक सरकारी बँक निघाली, तिचे नाव सुमेरबँक. १९३५ मध्ये दुसरी, हित्तींच्या नावाने, एतीबँक. १९३७ मध्ये तुर्कांचा वंश शास्त्रीय रीतीने सिद्ध करण्यासाठी ६४ हजार माणसांची शरीरमापे घेतली. चौसष्ट हजार डोक्यांना माप लावून जे शोधायचे होते ते माणसाच्या डोक्याबाहेर नसतेच, असे मला वाटते. पण हेही दिसते, की सहाशे वर्षांचे साम्राज्य नाकारायचे ठरल्यावर चार हजार वर्षे मागे जाण्याखेरीज त्यांना वाट उरली नव्हती.

हंगेरीच्या वाटेचे काय झाले, तेही सांगायला हवे. शपथ घेऊन मोठी झालेली मुले खरोखर गेलेले प्रांत परत घ्यायला निघाली. हिटलरच्या साथीने १९३८ ते १९४१ मध्ये हंगेरी ९३ हजारांवरून सुमारे १ लाख ७२ हजार चौरस किलोमीटरवर गेला. आणि १९४४ मध्ये १५ मे ते ९ जुलै या ५६ दिवसांत हंगेरीच्या पोलिसांनी ४ लाख ३७ हजारांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून बाहेर पाठवले. त्यांतले बहुतेक आउश्वित्झला, आणि त्यांतले पुष्कळसे नुकत्याच परत मिळवलेल्या भागांतले. १९४७ च्या तहाने सीमा पुन्हा जवळजवळ जिथल्या तिथे आली. २०१० पासून ट्रायनॉनचा दिवस, ४ जून, ‘राष्ट्रीय एकतेचा दिवस’ म्हणून पाळला जातो, आणि त्याच वर्षी केलेल्या कायद्याखाली पुढच्या सात-आठ वर्षांत सीमेपलीकडच्या दहा लाख लोकांना हंगेरीचे नागरिकत्व मिळाले. सीमा हलवता येत नाही तर राष्ट्रच सीमेबाहेर न्यायचे, हा नवा मार्ग. त्यावर शंभर मीटरची ती वाट आणि १२,५३७ नावे.

तुर्कस्तानची गोष्ट आपल्या दाराशीही येऊन थांबते. खिलाफत समिती १९१९ मध्ये मुंबईत सुरू झाली, मुंबईचे व्यापारी सेठ छोटानी तिचे अध्यक्ष होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस अजून उभे आहे. ऑटोमन खलिफाची गादी वाचावी म्हणून हिंदुस्थानातल्या साध्या मुसलमानांनी पैसे काढून अंकाऱ्याला पाठवले. मुस्तफा केमाल यांनी ३ मार्च १९२४ रोजी ती गादीच रद्द केली. ऑगस्टमध्ये त्यांनी तुर्कस्तानची पहिली मोठी राष्ट्रीय बँक, इश बँक, काढली, तेव्हा तिच्या भांडवलातले अडीच लाख लिरा हिंदुस्थानातून आलेल्या त्या पैशातून भरले. ज्या जुन्या जगाला वाचवायला पैसा दिला होता, तो नव्या राष्ट्राच्या पायात गेला. देणाऱ्यांना हे कळले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना त्याच मार्चच्या रात्री राजवाड्यातून नेऊन आगगाडीत बसवले गेले. राजघराण्यातल्या दीडशेच्या आसपास माणसांना देश सोडावा लागला. हैदराबादच्या निजामाने खलिफांना दरमहा तनखा सुरू केला आणि १९३१ मध्ये खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाची पत्नी झाली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. निजामाने खुलताबादजवळ, आपल्या वेरूळच्या वाटेवर, खलिफांसाठी ऑटोमन धाटणीची एक कबर बांधून ठेवली. खलिफा ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले. मुलीने तुर्की सरकारकडे विनवणी केली, की वडिलांना इस्तंबूलच्या मातीत जागा द्या. परवानगी मिळाली नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पन्नास लाख चौरस किलोमीटरवर राज्य केले त्यांची शवपेटी पॅरिसच्या मशिदीत दहा वर्षे ठेवलेली होती. शेवटी १९५४ मध्ये त्यांचे दफन मदिनेत झाले. खुलताबादची कबर तशीच रिकामी आहे.